कादर सरांची पाच बोटं

कादर सरांच्या शोकसभेत आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना "शांत, संयमी आणि मनमिळाऊ" म्हटलं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या शिपायाला ठसका लागला. मलाही खरं तर हसू यायला हवं होतं. पण आला तो संताप. मनमिळाऊ! ज्या माणसाचं उभ्या नोकरीत एकाही मुख्याध्यापकाशी पटलं नाही, ज्याच्या कपाटात पुस्तकांपेक्षा कारणे दाखवा नोटिसा जास्त निघाल्या, तो मनमिळाऊ? गेलेल्या माणसाला असं घासूनपुसून गुळगुळीत करायची जी आपली रीत आहे न, तिचा मला भारी राग येतो. माणूस गेला तो गेला, वरून त्याचा स्वभावही काढून घ्यायचा?

म्हणून लिहिते. मी इंगळे बाई. माहेर अमरावतीचं, नोकरी अकोल्याची. त्याच शाळेत मराठी शिकवते आणि अकरा वर्षं स्टाफरूममध्ये माझी खुर्ची कादर सरांच्या खुर्चीला लागून होती.

शेख कादर राहायचे जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. शाळा अलीकडे. रोज पूल ओलांडून सायकलवर यायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात खडूचे तुकडे, गालात लवंग. घरी उर्दू, वर्गात मराठी आणि राग आला की अस्सल वऱ्हाडी. राग पहिल्या तासाला यायचा आणि शेवटच्या तासापर्यंत मुक्कामाला असायचा. गणित शिकवायचे. मला कायम चिडवायचे, "बाई, तुमच्या विषयात मार्क वाटतात, माह्या विषयात कमवा लागतात." मी म्हणायची, "सर, तुमच्या विषयात एक तरी वाक्य धड असतं का?" त्यावर ते लवंग या गालातून त्या गालात सरकवायचे. हसण्याची त्यांची पद्धत तेवढीच.

त्यांची जिल्ह्यात ख्याती होती ती पाच बोटांची. तास सुरू झाला की पहिली दहा मिनिटं तोंडी हिशोब. कोणाकडेही बोट करायचं, पाढ्यातलं एखादं विचारायचं आणि उजवा पंजा वर धरायचा. मग एकेक बोट मिटत जायचं. करंगळी, अनामिका, असं करत शेवटी अंगठा. मूठ मिटायच्या आत उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर तास संपेपर्यंत उभं राहायचं. "मूठ मिटली, खेळ खतम," एवढंच म्हणायचे आणि पुढच्याकडे वळायचे. पालक खूश, संस्था खूश. कादर सरांच्या हाताखालचं पोरगं म्हणजे पाढ्यात पक्कं, असं लोक लग्न जुळवताना सांगायचे. खोटं वाटेल, पण सांगायचे.

एकदा ईदेला मी त्यांच्याकडे शिरखुर्म्याला निघाले होते. ते मला घ्यायला पुलापर्यंत आले. बाजारातून जाताना एका बांगड्यांच्या दुकानापाशी थांबले आणि काही न बोलता पंजा वर केला. दुकानदार चाळिशीचा, पोट सुटलेला, एका बाईच्या हातात बांगडी चढवत होता.

"काय बे अनिल, सतरा दीड?"

बांगडी बाईच्या हातात अर्धी तशीच अडकलेली. हा बाप्या ताडकन उभा राहिला. "साडेपंचवीस, सर!"

"बस," असं म्हणून सर चालू लागले. मला म्हणाले, "याले नववीत उभा ठेवला होता. अजून भेते." हे त्यांनी फार अभिमानाने सांगितलं आणि मला त्याचं कौतुक वाटलं. आता वाटत नाही. चाळीस वर्षांचा माणूस पाढ्याला भितो, यात कसलं आलंय कौतुक? पण हे मला कळलं ते खुद्द कादर सरांमुळेच, आणि त्यांना कळलं ते पल्लवी तायडेमुळे.

पल्लवीचे वडील एसटीत कंडक्टर, अकोला-परतवाडा गाडीवर. पोरगी हुशार, चुणचुणीत. सातवीत तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी दबला आणि परत उलटला. मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या मोठ्या भावाच्या मूळ पेशी काढून तिला दिल्या. स्टेम सेल ट्रान्सप्लांट म्हणतात त्याला. त्या देण्याआधी अंगात रक्त तयार करणारं जे जुनं असतं, ते सगळं मारून टाकावं लागतं. त्यासाठी जबर औषधं दिली, अख्ख्या अंगाला किरणं दिली. नांगरच फिरवला म्हणा न एवढ्याशा पोरीच्या अंगावरून. पण पोरगी वाचली. शाळेची दोन वर्षं गेली आणि ती नववीत परत आली तेव्हा केस नुकते कानापर्यंत आले होते.

मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तिला समोर उभं केलं. हातात गुच्छ दिला आणि माइकवर जाहीर केलं, "आपली पल्लवी पूर्ण बरी होऊन आली आहे." टाळ्या झाल्या. हे "पूर्ण बरी" जे झालं न, त्यानेच पुढचा सगळा घात केला. कारण त्यानंतर ती कशात मागे पडली की लोकांना तो तिचा आळस वाटायला लागला.

दुसऱ्याच दिवशी कादर सरांनी तिच्याकडे बोट केलं. "एकोणीस सक?"

पल्लवी उभी राहिली. पाच बोटं मिटली. ती नुसती बघत होती. सर पुढे वळले, दुसऱ्याला काही विचारलं, मग तिसऱ्याला म्हणाले, "तेरा साते?" आणि तेवढ्यात पल्लवी मोठ्याने म्हणाली, "एकशे चौदा."

वर्गात हशा फुटला. सरांना वाटलं, पोरगी टिंगल करते आहे. "माही मजाक करून राह्यली काय वं? जाय, भायेर उभी राह्य." दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. विचारलं तेव्हा गप्प आणि दोघांनंतर काहीतरी भलताच आकडा. तिसऱ्या दिवशीही तेच. तिन्ही दिवस ती व्हरांड्यात उभी होती. मी तिथून जात-येत होते. मला काय वाटलं? काही नाही. कादर सरांच्या तासाला कोणीतरी बाहेर उभं असणारच, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा चालू होता. खेळाचे लहाने सर म्हणाले, "भावाचं रक्त घातलं, तं भावाचं डोकंही घालाचं होतं!" तिचा भाऊ बोर्डात चमकलेला होता, म्हणून हा विनोद. सगळे हसले. मीही हसले. लपवून काय करू, खो-खो हसले.

कादर सर हसले नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांना आकडे विसरता येत नसत. कोणत्या पोराने कोणत्या दिवशी काय चुकीचं सांगितलं, हे त्यांच्या डोक्यात राहायचं. ते स्वतःशीच पुटपुटत होते, "एकशे चौदा... काल एकशे त्रेपन्न... आज एकशे अठ्ठावीस..." आणि एकदम कप खाली ठेवला.

"बाई, परवा मी तिले एकोणीस सक इचारलं होतं."

"बरं मग?"

"एकोणीस सक एकशे चौदा. काल सतरा नव्वे इचारलं. एकशे त्रेपन्न. आज सोळा आठे. बराबर हाये. सगळंच बराबर हाये थे. पोट्टी माह्या सवालाचंच उत्तर देऊन राह्यली होती. मीच पुढं गेलो होतो."

चहा तसाच टाकून उठले. मी मागोमाग गेले. पल्लवी व्हरांड्यात भिंतीला टेकून डबा खात होती, ती घाईने उभी राहिली. सर म्हणाले, "अठरा साते?" आणि सवयीने पंजा वर गेला. करंगळी मिटायला लागली, तसा त्यांनी डाव्या हाताने आपलाच उजवा पंजा घट्ट धरला. बोटं उघडीच ठेवली. पोरं खेळत होती, शिपायाने सुट्टी संपल्याची घंटा दिली, वर्ग आत गेले. सर तसेच उभे. मला वाटलं आता ओरडतील.

"एकशे सव्वीस," पल्लवी म्हणाली.

"काहून नाई सांगितलं वं, तुले येते म्हून?"

ती जरा वेळ थांबली. तिला वेळ लागायचाच. मग म्हणाली, "सांगत होती न सर. तुमी पुढं गेले."

कादर सर तिथेच पायरीवर बसले. पुढचा तास त्यांचा होता, दहावी ब. दहावी बला त्या दिवशी गणित झालं नाही.

त्याच संध्याकाळी ते तायडेंच्या घरी गेले आणि कंडक्टरसमोर हात जोडले. तायडे बिचारे अवघडले. म्हणाले, "सर, असं काय करता? पोरगी जित्ती हाये, एवढंच लय हाये आमाले."

"तुमाले पुरते," सर म्हणाले. "तिले काहून पुरीन?"

मग विचारलं, डॉक्टरांनी डोक्याचं काय सांगितलं? तायडे म्हणाले, डोक्याचं काही निघालंच नाही. रक्त चांगलं आहे म्हणाले. पुढच्या तपासणीला सर रजा टाकून बापलेकीबरोबर मुंबईला गेले. मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिले, सगळं उत्तम म्हणाले आणि सरांचं ऐकून घेऊन वर सांगितलं, "मुलीचे लाड जरा कमी करा." सरांनी तिथे काय केलं, हे तायडेंनीच मला नंतर सांगितलं. खुर्ची सोडली नाही. "रक्ताचं तुमी सांगितलं. डोकं कोनं पाह्यलं, थे सांगा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन गेली.

ती भली बाई होती. तिने पल्लवीच्या चाचण्या करवून घेतल्या आणि सरांना नीट समजावलं. म्हणाली, हे होऊ शकतं. सगळ्याच मुलांना होतं असं नाही. आजार, औषधं, किरणं, बुडालेली शाळा, यातलं कशामुळे किती, हे नेमकं सांगता येत नाही. हिची समज चांगली आहे, पण डोक्याला काम करायला वेळ लागतो. एका दमात तीन गोष्टी सांगितल्या तर तिसरी हातून निसटते. दुपारनंतर थकते. काही मुलं पुढे पुष्कळ सुधारतात, काहींना मदत लागत राहते. तिला वेळ द्या. परीक्षेतही वेळ द्या.

"मंग हे कागदावर काहून नाई?" सरांनी विचारलं.

"आमच्या तपासणीच्या कागदात तो रकानाच नाही," ती म्हणाली. आणि आपल्या हाताने पत्र लिहून दिलं.

परत आले ते धगधगत. स्टाफरूममध्ये पत्र टेबलावर ठेवलं. "जीव वाचवला, सलाम हाये त्याईले. झूट नाई बोलत, सलाम! पन जीव वाचल्यावर पोट्टी शाळेत जाईन, हे एकाच्याही ध्यानात आलं नाई? अन् आमी! आमी गुच्छ देल्ला. गुच्छ देऊन भायेर उभी केली."

लहाने सरांनी मध्येच तो रक्ताचा विनोद पुन्हा काढला. कादर सरांनी लवंग चावली. "लहाने सर, तुमच्यासाठी पाहू काय एखादा दाता? तुमच्या भावाचं डोकं जुळत असन तं इचारून घ्या." त्या दिवसापासून तो विनोद बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तोंडी हिशोबही बंद झाला. वर्गात उजवा हात खिशात. सवाल फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, "घंटा होयेपर्यंत सांगा. नाई जमलं तं डबा खाताना सांगा." पोरांना आधी वाटलं, सर आजारी आहेत. मग मागच्या बाकावरची, कायम उभी राहणारी पोरं मधल्या सुट्टीत येऊन दबकत उत्तरं सांगायला लागली. त्यातली बरीच बरोबर असायची. याचा सरांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एक दिवस शेजारच्या खुर्चीत धप्पकन बसले आणि माझ्यावरच खेकसले, "किती पोट्टे उभे ठेवले असतील मी, बाई? कोनाले येत होतं अन् कोनाले नाई, हे आता मले कोन सांगन?" मी वह्या तपासत राहिले.

पल्लवी दहावीत गेली, तसा परीक्षेचा प्रश्न आला. तिला गणितात येत सगळं होतं, वेळ पुरत नव्हता. शाळेच्या चाचणीत वेळ वाढवून दिला की सत्तरच्या पुढे, नाही दिला की काठावर. अर्धा तास जादा मिळाला की झालं. डॉक्टरीणबाईचं पत्र होतं, शाळेने शिफारस करायची होती. मुख्याध्यापक म्हणाले, "कशाला उगाच? ती बरी झाली आहे असं आपणच जाहीर केलंय." सरांनी त्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि सही होईपर्यंत समोर उभे राहिले. दीड तास. पस्तीस वर्षं पोरांना उभं ठेवणारा माणूस पहिल्यांदा स्वतः उभा राहिलेला मी पाहिला.

अर्ज घेऊन आम्ही अमरावतीला, बोर्डाच्या विभागीय कचेरीत गेलो. मी बरोबर गेले कारण माझं माहेर तिथलं आणि मला कचेऱ्या माहीत. एकदा गेलो, दोनदा गेलो, साहेब फिरतीवर. ती वर्षं तशीच होती. आमच्या भागात रोज कुठल्या न कुठल्या शेतकऱ्याच्या घरापुढे मुंबई-दिल्लीच्या टीव्हीच्या गाड्या उभ्या असायच्या, पॅकेजं जाहीर व्हायची, पथकं यायची आणि सगळे साहेब याद्या करण्यात गुंतलेले असायचे. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद... यातल्या कशात बसते ही?"

"कशातच नाई," सर म्हणाले. "समज चांगली हाये तिची. वेळ लागते."

"मग अडचण काय? आणि आजार बरा झाला असं हेच पत्र म्हणतंय."

"आजार बरा झाला. आजार बरा करताना जे झालं, थे नाई झालं बरं."

साहेबांनी कागद सरकवला. "हे पाहा सर, जिल्ह्याजिल्ह्यात काय संकट चालू आहे तुम्ही बघता. माणसं जीव देताहेत. आणि तुम्ही एका मुलीच्या अर्ध्या तासासाठी तीन तीन खेपा घालता?"

मी कादर सरांकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण आवाज चढला नाही, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

"साहेब, मानूस गेला का तुमी याद्या करता. ही पोट्टी जित्ती हाये. जित्त्याईची यादी नाई काय तुमच्यापाशी?"

मग सर म्हणाले, "मले एकच सांगा. तिले अर्धा तास देल्ला तं कोनाचं काय जाते?" आणि खिशातून उजवा हात काढला. वर्षभर खिशात असलेला पंजा साहेबांच्या नाकासमोर उभा राहिला आणि एकेक बोट मिटायला लागलं. करंगळी. अनामिका. साहेब बघतच राहिले. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा. मूठ मिटली.

"उत्तर नाई आलं, साहेब. उभे राहा."

आम्हाला बाहेर काढलं, हे सांगायला नकोच. आठवड्याने सरांना नोटीस आली, वरिष्ठांशी असभ्य वर्तन. अर्जाचं उत्तर मात्र आलं नाही. मार्च आला.

इथून पुढचं लिहायला मला आवडत नाही. आमचीच शाळा केंद्र होती. गणिताच्या दिवशी गणिताच्या शिक्षकांना केंद्रात थांबता येत नाही, म्हणून पर्यवेक्षणाला आम्ही भाषेवाले. पल्लवीच्या खोलीवर मी. ती खाली मान घालून लिहीत होती, एका लयीत, न थांबता. शेवटची घंटा झाली तेव्हा तिचं एक उदाहरण अर्धं राहिलं होतं. मी पाहिलं. मांडणी बरोबर होती, दोन ओळी राहिल्या होत्या. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "बाई, दोन मिनिटं."

भरारी पथकाची जीप फाटकात होती. व्हरांड्यात मुख्याध्यापक उभे होते. मी तिच्या हाताखालून पेपर ओढून घेतला. पेनची रेघ पानभर ओढली गेली.

बाहेर रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली कादर सर सायकल धरून उभे होते. मी जवळ गेले. "झालं पुरं?"

"एक राहिलं सर. अर्धं लिहिलं होतं तिने."

"येत होतं तिले?"

"हो."

"मंग तुमी काहून ओढला?"

मी नियम सांगितला, पथक सांगितलं, जीप दाखवली. त्यांनी काही ऐकलं नाही. फक्त पंजा वर केला, माझ्यापुढे, आणि बोटं मिटत गेली. एकेक. मला आजही ती बोटं दिसतात, पेरापेरात खडू बसलेली. मला उत्तर आलं नाही. मूठ मिटली आणि ते सायकलवर बसून गेले. मे महिन्यात निवृत्त होईपर्यंत त्या शेजारच्या खुर्चीतून माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

पल्लवी नापास झाली. फक्त गणितात आणि फक्त दोन मार्कांनी. मुख्याध्यापक म्हणाले, "तरी मी म्हणत होतो." काय म्हणत होता हो तुम्ही? काय म्हणत होता?

सर निवृत्त झाले, पण अमरावतीच्या खेपा थांबल्या नाहीत. आता नोटिशीची भीतीही राहिली नव्हती. दर सोमवारी त्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसायचे, नवा अर्ज, नवं पत्र. डॉक्टरीणबाईने आणखी एक पत्र पाठवलं. तायडे आपल्या ड्युटीतून वेळ काढून सोबत जायचे. ऑक्टोबरची परीक्षा तोंडावर आली आणि कचेरीतून एक पान आलं. अर्धा तास जादा मंजूर.

ऑक्टोबरात मी मुख्याध्यापकांकडे जाऊन पल्लवीची खोली मागून घेतली. घंटा झाली, बाकीच्यांचे पेपर जमा झाले, खोली रिकामी झाली. ती लिहीत राहिली आणि मी समोर बसून राहिले. घड्याळाकडे पाहिलं नाही. तिला अर्धा तास पुरा लागलाही नाही. बावीस मिनिटांनी उठली, पेपर दिला, म्हणाली, "झालं, बाई."

सर त्याच कडुनिंबाखाली होते. मला वाटलं, आज तरी हसतील. त्यांनी खिशातून ते मंजुरीचं पान काढलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं, विशेष बाब म्हणून परवानगी देण्यात येत असून या निर्णयाचा दाखला अन्य कोणत्याही प्रकरणी देता येणार नाही.

"वाचलं? म्हंजे पुढची पोट्टी आली, का पुन्हा माह्यासारखा एक येडा पाह्यजे. पुन्हा हेच सारं पह्यल्यापासून." घडी घालून पान खिशात ठेवलं. सात महिन्यांनी ते माझ्याशी बोलले ते असं. मग म्हणाले, "तुमी बसल्या आज. मी पाह्यलं इथूनच, खिडकीतून." सायकलवर टांग टाकली आणि पुलाच्या दिशेने निघाले. एक हात हँडलवर, दुसरा मांडीवर, बोटं सुटी. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. जुन्या शहरात जायचं जायचं म्हणत राहिले आणि सव्वा वर्षाने निरोप आला, छातीत कळ आली आणि गेले.

तर ती शोकसभा. मनमिळाऊ वगैरे झाल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू." सगळे उभे राहिले. शिक्षक, पोरं, सरांचा मुलगा, तो बांगड्यावाला अनिल, तायडे. शेवटच्या रांगेत पल्लवी होती, अकरावीत गेलेली. आपल्याकडे ही दोन मिनिटं कशी असतात, सगळ्यांना माहीत आहे. कोणी खोकतं, कोणी खिशात मोबाईल चाचपतो आणि मिनिट व्हायच्या आत माइकवरचा माणूस म्हणतो, बसा. तसंच झालं. "बसा," मुख्याध्यापक म्हणाले. खुर्च्या वाजल्या. सगळे बसले. मीही बसले.

पल्लवी उभीच होती. मुख्याध्यापकांना वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. ते कनवाळूपणे म्हणाले, "बस बेटा, झालं."

तिने वेळ घेतला. सगळी सभा मान वळवून तिच्याकडे बघत होती आणि लहाने सर शेजारच्याच्या कानात काहीतरी कुजबुजले.

"नाही झालं, सर," ती म्हणाली. "अजून एक मिनिट आहे."

मुख्याध्यापक माइकवर काहीतरी पुटपुटले, कार्यक्रमाला उशीर होतोय असं काहीसं. मागे बांगड्यावाला अनिल उभा राहिला. मग तायडे उठले. मी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि उभी राहिले.